कंपोंग फ्लुक : उंच खांबांवरचं गाव

कंबोडियाला जाणारा मराठी माणूस अंगकोर वाटसाठी जातो. त्यात गैर काहीच नाही. पण तीन दिवस देवळं पाहून पायांचे तुकडे पडले की चौथ्या दिवशी टूरवाले एक 'हाफ डे' सुचवतात : टोनले साप तलाव आणि तिथलं खांबांवरचं गाव. बरेच जण हा अर्धा दिवस खरेदीत घालवतात. माझं ऐकाल तर खरेदी रात्रीच्या बाजारात उरका आणि या गावाला जा.

नावाला घाबरू नका. ख्मेर भाषेत 'टोनले' म्हणजे मोठी नदी आणि 'साप' म्हणजे गोडं, खारट नसलेलं पाणी. माझ्या मावशीला हे पटेपर्यंत सिएम रीप शहर मागे पडलं होतं.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. आई, बाबा, मावशी आणि मी. तलावाच्या काठावर अशी बरीच गावं आहेत. त्यातलं आम्ही निवडलं ते कंपोंग फ्लुक, सिएम रीपपासून साधारण ३० किलोमीटरवर. 'कंपोंग' म्हणजे होड्या लागतात तो धक्का आणि 'फ्लुक' म्हणजे हस्तिदंत. रस्ता भातशेतांमधून जातो, मध्ये मध्ये ताडाची झाडं. शहराजवळची घरं माणूसभर उंचीच्या खांबांवर आहेत. खाली झुला, कोंबड्या, मोटारसायकल. तलाव जवळ येतो तसे हे खांब उंच होत जातात. बाबांनी हे सगळ्यात आधी ओळखलं. "इथे घराच्या पायांवरून पाणी किती चढतं ते कळतं," ते म्हणाले. नंतरच्या तीन तासांत आम्ही जे पाहिलं त्याची किल्ली याच वाक्यात होती.

उलटी वाहणारी नदी

आमचा गाइड माझ्याच वयाचा, पंचविशीतला. बोटीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "नदी कुठून कुठे वाहते?" मावशीने शाळकरी उत्साहाने सांगितलं, "उंचावरून समुद्राकडे." तो हसला. म्हणाला, "आमची दोन्हीकडे वाहते."

प्रकार असा आहे. टोनले साप तलावातून त्याच नावाची नदी निघते आणि शंभराहून जास्त किलोमीटर वाहत जाऊन नॉम पेन्हला, म्हणजे कंबोडियाच्या राजधानीत, मेकाँगला मिळते. तिथे जलमार्गाच्या चार वाटा फुटतात म्हणून त्या जागेचं नाव 'चाक्तोमुक'. मोठ्याने म्हणून बघा. आपलं 'चतुर्मुख' ऐकू येईल. उन्हाळ्यात सगळं सरळ चालतं, तलावाचं पाणी मेकाँगकडे जातं. पण पावसाळ्यात मेकाँगला पूर येतो आणि तिची पातळी तलावापेक्षा वर चढते. मग पाणी जाणार कुठे? ते टोनले साप नदीतून मागे, तलावाकडे चढू लागतं. कोकणातल्या खाडीत भरतीचं पाणी आत शिरतं तसंच हे. फक्त ही भरती वर्षातून एकदाच येते आणि कित्येक महिने टिकते. पाऊस सरला, मेकाँग उतरली की नदी पुन्हा वळते आणि साठलेलं पाणी समुद्राच्या वाटेला लागतं.

यामुळे तलावाचं काय होतं ते आपल्या हिशेबात सांगते. मार्च-एप्रिलमध्ये तो सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असतो, गोव्यापेक्षाही लहान. तेव्हा पाणी मीटर-दीड मीटर खोल, उंच माणूस चालत जाईल असं. चांगल्या पावसाच्या वर्षी तोच तलाव १५,००० चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो, म्हणजे चार गोवे मावतील एवढा, आणि खोली आठ-नऊ मीटरपर्यंत जाते. मधली सगळी जमीन, झाडं, रस्ते महिनोन् महिने पाण्याखाली. कंपोंग फ्लुक याच मधल्या पट्ट्यात आहे.

आमची बोट लांबट, लाकडी. चालवायला मोटारीचं स्टिअरिंग बसवलेलं आणि मागे कानठळ्या बसवणारं इंजिन. वळण घेतलं आणि समोर गावाचा मुख्य रस्ता आला. तो रस्ता म्हणजे पाणीच. दोन्ही बाजूंना ओळीने घरं, निळी, हिरवी, काही नुसत्या पत्र्याची, प्रत्येकाच्या दारातून शिडी थेट पाण्यात उतरलेली. एक मुलगा शाळेच्या पांढऱ्या शर्टात एकटा होडी वल्हवत घरी चालला होता, आपल्याकडे पोरं सायकल मारत जातात तसा. दुकानही होडीतच : भाज्या, साबणाच्या वड्या, बर्फ, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. एक बाई खिडकीतून वाकून मिरच्या घेत होती आणि मिरच्यांच्या भावावरून घासाघीसही करत होती. भाषा कळली नाही, पण सूर कळला. आई म्हणाली, "कोथिंबीर फुकट मागत असणार."

आम्हाला ही घरं पाण्यापासून फार तर दोन-तीन हात उंच वाटत होती. तेव्हा गाइडने फोनवर एप्रिलमधला फोटो दाखवला. तीच गल्ली, तीच घरं, पण खाली कोरडी लाल माती आणि घरं आकाशात टांगल्यासारखी. सहा-सहा, काही ठिकाणी त्याहून जास्त मीटर उंचीचे खांब, म्हणजे आपल्या दोन मजली इमारतीएवढे. खाली मुलं व्हॉलीबॉल खेळताहेत, मोटारसायकली उभ्या आहेत, कुणी जाळं विणत बसलंय. शिडीला पंचवीस-तीस पायऱ्या. आमच्या बोटीखाली तेव्हा ते मैदान बुडलेलं होतं. मावशीने आपोआप लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला.

काही घरांचे खांब आता सिमेंटचे आहेत. लाकडी खांब पाण्यात कुजतात, दर काही वर्षांनी बदलावे लागतात आणि तेवढं मोठं लाकूड आता स्वस्त मिळत नाही. ज्याच्याकडे पैसे आले त्याने आधी खांब बदलले, मग रंग दिला. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना अख्ख्या दौऱ्यात देवळांखालोखाल याच गोष्टीत रस वाटला. प्रत्येक घराचे खांब ते मोजत होते.

सुकटीचा वास

गावाच्या मध्यावर आईने मान वर केली. "सुकट!" ती म्हणाली. आमचं आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे हा वास चुकणं शक्य नव्हतं. एका घराच्या पडवीत चटईवर गुलाबी कोळंबी वाळत घातली होती. कंपोंग फ्लुकची सुकी कोळंबी प्रसिद्ध आहे. उकडायची, उन्हात वाळवायची आणि सालं काढायची. म्हणजे आपले सोडेच. आईचा गावाकडे बघण्याचा नूर तिथे बदलला. तोवर ती पर्यटक होती, आता तिला चटई कसली आहे, मांजरं कशी हाकलतात, पाऊस आला तर काय करतात, हे सगळं विचारायचं होतं.

इथला सगळा संसार माशांवर आहे. कंबोडियाच्या नोटेला रिएल म्हणतात आणि या तलावात सापडणाऱ्या एका लहानशा माशालाही रिएलच म्हणतात. नोटेचं नाव माशावरूनच पडलं असं लोक गमतीने सांगतात. खरं-खोटं राहू द्या, पण ज्या देशात असा किस्सा रुजतो तिथे मासा म्हणजे काय ते समजतं. हाच मासा मिठात मुरवून 'प्राहोक' नावाची चटणीसारखी गोष्ट करतात आणि ती वर्षभर भाताबरोबर चालते. शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की भाजीतही प्राहोक असू शकतो. आधी विचारा.

मासे इतके का, याचं उत्तर पुढच्या टप्प्यात मिळालं. गावाच्या टोकाला मोठी बोट थांबते आणि लहान होड्यांमध्ये बसून बुडीत जंगलात जाता येतं. एका होडीत दोघंच. वल्हवायला बहुतेक गावातल्याच बायका, डोक्यावर टोपी आणि गळ्यात 'क्रामा', म्हणजे चौकड्यांचा सुती पंचा. आई आणि मी एका होडीत बसलो.

इंजिन मागे राहिलं तेव्हा कळलं की आपण तासभर ओरडून बोलत होतो. आत नुसता वल्ह्याचा आवाज. झाडं छातीपर्यंत पाण्यात उभी, फांद्या डोक्यावर कमान धरून, आणि खोडांवर पाण्याने गेल्या वर्षी सोडलेली रेघ. यातली बरीच झाडं बॅरिंगटोनिया जातीची. आपल्याकडे ओढ्या-खाडीकाठी लाल फुलांच्या लांब माळा सोडणारं समुद्रफळ, म्हणजे कोकणातला निवर, तो हाच. पूर आला की मासे या जंगलात शिरतात. पाण्यात पडलेली फळं, किडे, कुजलेला पाला, सगळं त्यांचं अन्न. पिल्लांना मुळांच्या गुंत्यात लपायला जागा. पाणी उतरू लागलं की वाढलेले मासे तलावात आणि नदीत परततात आणि जाळ्यांचा हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याचं जसं शेत, तसं कोळ्याचं हे जंगल. दोन दिवसांपूर्वी बायोन मंदिराच्या भिंतीवर आम्ही एक शिल्प पाहिलं होतं. त्यात झाडांच्या फांद्यांमधून मासे पोहत होते. मला वाटलं शिल्पकाराने कल्पना लढवली असेल. त्याने इथेच कुठेतरी होडीतून पाहिलेलं कोरलं होतं, आठशे वर्षांपूर्वी.

आमची होडी वल्हवणारी बाई आईच्याच वयाची असावी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने कोळंबी सोलण्याची खूण केली. ती खळखळून हसली आणि स्वतःची बोटं दाखवली. टोकांना बारीक चिरा पडलेल्या. आईने आपली दाखवली, तिच्याही नखाशेजारी विळीची जुनी खूण आहे. मग दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी फोटो काढायला फोन उचलला होता, तो परत पर्समध्ये ठेवला.

जंगल संपलं आणि पुन्हा मोठ्या बोटीने आम्ही उघड्या तलावावर आलो. पलीकडचा काठ दिसत नाही. मुंबईच्या माणसालाही समुद्रच वाटेल, फक्त हवेला खारा वास नाही.

पाणी उशिरा आलं तर

इथे इंजिन बंद करून गाइड जरा मोकळं बोलला. २०१९ साली आणि पुन्हा २०२० साली नदी वेळेवर उलटलीच नाही. उलटली तेव्हा फार उशीर झाला होता आणि पाणी लवकर परत गेलं. जंगलात पाणी कमी काळ राहिलं, पिल्लांना वाढायला वेळ मिळाला नाही. पाऊस कमी पडणं हे एक कारण आहे. मेकाँगवर चीन आणि लाओसमध्ये बांधलेली धरणं हे दुसरं. पुराचं पाणी वरच अडवलं की खालच्या नदीची उंची तेवढी चढत नाही, आणि ती चढली नाही तर तलावाकडे वळतही नाही. शिवाय बारीक जाळी, शेतीसाठी तोडलेलं जंगल आणि २०१६ च्या दुष्काळात लागलेल्या आगी. पाण्यात उभं राहणारं जंगल पेटतं हे ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. तलावाला १९९७ सालीच युनेस्कोचा 'बायोस्फिअर रिझर्व्ह' हा दर्जा मिळाला आहे. सरकारने २०१२ मध्ये मोठ्या ठेकेदारांचे मासेमारीचे पट्टे बंद करून तलाव लहान कोळ्यांना मोकळा केला. पण वरून पाणीच आलं नाही तर मोकळ्या तलावाचा उपयोग काय?

नदी पुन्हा समुद्राकडे वळते तेव्हा नॉम पेन्हला मोठा जलोत्सव असतो, होड्यांच्या शर्यती होतात. त्या महिन्याचं ख्मेर नाव 'कादेक', म्हणजे आपला कार्तिक, आणि उत्सवाचा मुख्य दिवस पौर्णिमेचा. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लागतात तेव्हा तिकडे नदीत वल्ही पडत असतात. २०१५ साली पाणी कमी म्हणून तो उत्सवच रद्द करावा लागला होता.

मग घरं चालतात कशावर? गाइडने सरळ आमच्याकडे बोट केलं. मासे कमी झाले तशा पर्यटकांच्या बोटी वाढल्या. होडी वल्हवणाऱ्या बायकांच्या घरात आज कधी कधी मासेमारीपेक्षा होडीचा पैसा भरवशाचा असतो. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला ठरवता आलं नाही. पण एक खरं, की आपण तिकीट काढून बघायला जातो ते कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. दारं सताड उघडी असतात कारण वारा हवा असतो, आपण बघावं म्हणून नव्हे. झुल्यात झोपलेल्या आजोबांवर झूम करणारे कॅमेरे मी पाहिले. आपल्या चाळीसमोरून दर दहा मिनिटांनी अशी बोट जाऊ लागली तर आपण काय करू, याचा विचार करून बघा.

सिएम रीपजवळच्या काही बोट-फेऱ्यांमध्ये आणखी एक प्रकार चालतो. बोट मध्येच एका दुकानाशी थांबते आणि 'शाळेतल्या गरीब मुलांसाठी' तांदळाचं पोतं घ्या असा आग्रह होतो, किंमत बाजारापेक्षा कितीतरी जास्त. कुठे मुलं गळ्यात अजगर घालून फोटोसाठी डॉलर मागतात. मन कितीही द्रवलं तरी अशा ठिकाणी पैसे देऊ नका. ते मूल त्या वेळी शाळेत असायला हवं, आणि तुमच्या डॉलरमुळे ते होडीतच राहतं. त्यापेक्षा गावातल्या बाईकडून सुकी कोळंबी घ्या, गावातल्याच खानावळीत जेवा. नारळाच्या दुधात वाफवलेला मासा, 'आमोक', तिखट नसतो, मुलंही आवडीने खातात.

जायचं असेल तर

पाण्यातलं गाव बघायचं असेल तर सप्टेंबर ते डिसेंबर उत्तम. मार्च ते मे या काळात गेलात तर उंच खांबांचं सगळं रूप दिसेल, पण बोट चिखलाच्या अरुंद कालव्यातून जाते आणि बुडीत जंगलातली फेरी बहुधा होत नाही. मुंबई-पुण्याहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे सिएम रीप गाठता येतं. दुपारी तीननंतर निघालात तर ऊन कमी लागतं आणि सूर्यास्त तलावावर मिळतो. टोपी, पाण्याची बाटली आणि घट्ट बसणाऱ्या चपला हव्यातच. गुडघेदुखी असलेल्यांना मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरताना त्रास होतो. माझ्या मावशीला दोघांनी धरलं, पण ती उतरली. लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते धक्क्यावरच बघून घ्या. दोन-चार शब्द शिकून जा. गावाला 'फुम' म्हणतात, ते आपलं 'भूमी'. शाळेला 'साला रिएन', त्यातली 'साला' म्हणजे आपली शाळा. धन्यवादाला 'ऑकुन', त्यातही आपला 'गुण' दडलेला आहे. एवढं बोललात तरी समोरचा चेहरा उजळतो.

मोठ्या बोटीचं तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळतं. लहान होडीचे पैसे वेगळे, साधारण पाच डॉलरच्या आसपास. दर बदलतात, आधी विचारून घ्या. टिप द्यायची तर वल्हवणाऱ्या बाईच्याच हातात द्या, आणि डॉलरऐवजी रिएलची सुटी नोट दिलीत तर तिला गावातल्या दुकानात लगेच वापरता येते. एका डॉलरला साधारण ४,००० रिएल होतात. होड्यांचे नंबर लागलेले असतात, एक फेरी झाली की पुन्हा रांगेच्या शेवटी. आम्ही उतरलो तेव्हा आमच्या बाईने होडी रांगेत मागे नेऊन बांधली आणि डबा उघडला. भात होता, आणि बाजूला चिमूटभर सुकी कोळंबी. पुढे अजून अकरा होड्या होत्या.